दुरुस्ती हीही विद्याच!

लग्नसराई आली की आपल्या केज तालुक्यात गावोगाव एकच वाद सुरू होतो : बँड सांगायचा की डीजे? बहुतेक ठिकाणी डीजेच जिंकतो. युसूफ वडगावात पाहा किंवा आसपासच्या कोणत्याही गावात पाहा, नवरदेवापुढे दहा-बारा वाजवणारी माणसे चालण्याऐवजी आता एक गाडी चालते आणि तिच्यावर भिंतीसारखे रचलेले स्पीकर असतात. माणसे गेली, खोकी आली! या बदलाबद्दल हळहळणारे लेख पुष्कळ निघतात. मला नुसते हळहळायचे नाही. बँड मागे पडण्याचे एक रोकडे कारण आहे, आणि त्यावर आपल्या आवाक्यातला एक उपायही आहे, एवढेच मला वाचकांपुढे मांडायचे आहे.

कारण असे की, आजच्या तरुणाला सिनेमातल्या गाण्याचा ठेका जसाच्या तसा हवा असतो. त्यासाठी पायाने वाजणारा मोठा ढोल, साईड ड्रम, दोन-तीन लहान-मोठे ढोल आणि झांजा असा पुरा ड्रमसेट लागतो. नवा चांगला सेट घेणे बँडवाल्याच्या ऐपतीबाहेरचे असते. नवा पण हलका सेट घ्यावा, तर एका हंगामात त्याचे आटे जातात आणि स्टँड वाकतात. आमच्याकडचे बहुतेक वाजंत्री दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येऊन वाजवतात. मुकादमाच्या उचलीतून नवा सेट घेणे म्हणजे पुढच्या हंगामाचा कोयता आजच मानेवर घेणे होय. मग बँड जुन्याच सामानावर चालतो आणि त्याला कोणी बोलावत नाही.

यावर माझा उपाय असा : नव्याचा हव्यास सोडून जुने जपानी ड्रमसेट शोधावेत आणि ते आपल्या हाताने दुरुस्त करावेत.

जपानीच का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या टोकियो शहरात १९४६ साली कात्सुमी यानागिसावा या गृहस्थांनी संगीताचे कागद ठेवण्याचे स्टँड बनविण्याचा लहानसा धंदा सुरू केला. पुढे ते ड्रमकडे वळले आणि त्यांचे ‘पर्ल’ हे नाव जगभर झाले. नागोया येथील होशिनो मंडळींनी १९६२ मध्ये ‘स्टार’ नावाचे ड्रम काढले. १९७४ पासून त्यांचे ड्रम ‘तामा’ या नावाने विकले जातात. ‘यामाहा’चे ड्रम १९६७ पासूनचे. याच सुमारास, ९ फेब्रुवारी १९६४ रोजी, बीटल्स हा इंग्रज वाद्यवृंद अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर झळकला आणि तिथल्या घरोघरच्या मुलांना ड्रमसेट हवासा झाला. अमेरिकन सेट महाग होते. तेव्हा व्यापाऱ्यांनी जपानमधून माल मागविला व त्यावर आपापल्या दुकानाचा बिल्ला ठोकला. एकाच कारखान्यातला ढोल अनेक नावांनी विकला गेला. म्हणूनच या सेटांना आजही मोठ्या नावाची किंमत नाही आणि ते गरिबाच्या आवाक्यात येऊ शकतात.

पण नाव नाही म्हणून गुण नाही, असे मात्र नाही. या ढोलांचे खोड बहुधा लुआन नावाच्या हलक्या लाकडाच्या पातळ प्लायचे असते आणि वर-खाली आतून लाकडी कडे बसवून त्याला बळकटी दिलेली असते. आवाज उबदार आणि आटोपशीर निघतो, फार वेळ घुमत नाही. शिवाय यांची मापे बहुतेक ठरलेली असतात : मोठा ढोल २० किंवा २२ इंची, साईड ड्रम १४ इंची, बाकीचे १२, १३ आणि १६ इंची. त्यामुळे पान फुटले तर नवे मिळते.

‘जुने ते सोने’ ही म्हण मात्र येथे डोळे झाकून खरी मानू नये. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, मोडलेल्या ऑर्केस्ट्रांच्या खोल्या, गोव्याकडची जुनी वादक-घराणी आणि हल्ली फोनवर दिसणाऱ्या जाहिराती, अशा ठिकाणी हे सेट निघतात. १९९१ पूर्वी परदेशी वाद्य आणणे सोपे नव्हते. त्यामुळे आलेले थोडेच, पण आले ते लोकांनी सांभाळलेले. घेताना चकाकी पाहू नये. खोड गोल आहे की लंबगोल झाले आहे, हे दोरीने दोन-तीन बाजूंनी मापून पाहावे. प्लायचे थर सुटले असतील किंवा खोडाला आरपार चीर असेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो ढोल सोडून द्यावा. गंज, धूळ, सुटलेले रंगीत वेष्टन, फाटलेले पान हे दोष मात्र दोष समजू नयेत. त्यांच्यामुळेच भाव उतरतो.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या चुलत्यांच्या बँडने असाच बिल्ला नसलेला एक सेट आणला. त्याची दुरुस्ती मी जवळून पाहिली आणि हाताखाली राबून शिकलो. प्रथम प्रत्येक नटबोल्ट काढून, कोणता कोठला याची चिठ्ठी लावून, डब्यात ठेवला. गंजलेल्या कड्या पाण्यात भिजवलेल्या अॅल्युमिनियमच्या चांदीने घासल्या. घट्ट बसलेले स्क्रू रॉकेल लावून रात्रभर ठेवले. मग खोड सपाट काचेवर पालथे घातले, आत बल्ब लावला आणि खोलीत अंधार केला. जेथून उजेड बाहेर फुटला तेथे कड झिजलेली, हे कोणालाही कळावे! तेवढीच जागा पॉलिशपेपरने अगदी हलक्या हाताने सारखी केली, कारण पातळ खोडाला जास्त घासणे सोसत नाही. सुटलेले वेष्टन डिंकासारखा गोंद लावून दोरीने आवळून ठेवले. पानाची मात्र जरा पंचाईत झाली. त्या काळातल्या काही जपानी खोडांचा घेर ठरल्या मापाहून किंचित मोठा असतो, आणि आजचे पान त्यावर अडकते. म्हणून पान घ्यायला जाताना ढोल बरोबर नेलेला बरा, आणि स्क्रू घ्यायला जाताना जुना स्क्रू.

शेवटचे काम सुरात आणण्याचे. एक स्क्रू आवळला की त्याच्या समोरचा आवळायचा. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतात तसेच. हे काम माझ्या आजोबांनी केले. त्यांनी जन्मात ड्रमसेटला हात लावलेला नव्हता. पण हलगी शेकोटीवर किती तापवली म्हणजे पान किती ताणते, हे त्यांच्या कानाला पन्नास वर्षे ठाऊक आहे. प्रत्येक स्क्रूजवळ बोटाने टिचकी मारून, कोठे ढिले आणि कोठे ताठ हे ते न पाहता सांगत होते. आम्ही फक्त चावी फिरवली.

येथे माझ्या मूळ मुद्द्यापाशी मी येतो. आजोबांना जे येते त्याला आपण काय म्हणतो? गावात त्याला ‘त्यांचा धंदा’ म्हणतात. हलगीवाचून वरात हलत नाही आणि संबळावाचून गोंधळ होत नाही. पण ज्या हातांनी हे वाद्य मढविले जाते त्या हातांना पंगतीत शेवटची जागा. त्याच कौशल्याला शहरात दुकानाची पाटी मिळाली की ‘तंत्रज्ञ’ म्हणतात. ज्ञान तेच, मान वेगळा! आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. येथे आल्यावर मला वाटू लागले होते की, विद्या पुस्तकांत असते आणि घरी फक्त कष्ट असतात. ही समजूत माझ्यासारख्या अनेकांची असेल. ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

दुरुस्तीतूनच निर्मिती होते, याला दूरचा आणि जवळचा असे दोन्ही दाखले आहेत. १८८७ साली जपानमधील हमामात्सु गावच्या प्राथमिक शाळेतली बाजाची पेटी बिघडली. ती दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला बोलावले. पेटी उघडून पाहता पाहता, असे वाद्य आपणही बनवू शकू, असे त्याला वाटले. त्याने बनविलेली पेटी खांद्यावरून हाकोनेचा घाट ओलांडून टोकियोला नेली. तेथे ती सुरात नाही असे सांगण्यात आले. तेव्हा तो स्वरशास्त्र शिकला आणि पुन्हा कामाला लागला. आजची यामाहा कंपनी त्या दुरुस्तीतून उभी राहिली. आणि जवळचा दाखला मिरजेचा. तेथले शिकलगार मूळचे शस्त्रे घडविणारे व त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले फरीदसाहेब सतारमेकर वाद्यांच्या कामाकडे वळले. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे आज देशभर जातात. त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तलवारीचा हात सतारीला लागला म्हणून कोणी बाटला नाही. उलट संगीताचे भले झाले.

काही मित्र म्हणतात, आपली हलगी, संबळ, ढोलकी असताना हे परकीय ढोल कशाला? या मित्रांनी मिरवणुकीतला ‘बेंजो’ आठवावा. बटणे दाबून वाजणारे हे वाद्य म्हणजे आपले बुलबुलतरंग. आणि त्याचे मूळ आहे जपानचे ताइशोगोतो, जे गोरो मोरिता यांनी १९१२ साली नागोयात तयार केले. आज महाराष्ट्रातल्या बेंजो पार्टीत त्याला परके कोण म्हणेल? हार्मोनियमही युरोपातूनच आली आणि भजनात रुळली. वाद्य कोठे जन्मले यापेक्षा ते कोणाच्या हातात रुजले, हे महत्त्वाचे. हलगीच्या शेजारी ड्रमसेट उभा राहिला तर हलगी मरणार नाही. ती मरेल ती दोघांच्याही जागी खोके उभे राहिले तर. डीजेचे भाडे एका मालकाच्या खिशात जाते. बँडची सुपारी दहा चुलींना वाटली जाते. हा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कळण्यासारखा आहे.

म्हणून आपल्या महाविद्यालयापुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. स्नेहसंमेलनात एका रात्रीच्या डीजेवर जो खर्च होतो, तो एक वर्ष वाचवावा आणि त्यातून एक जुना मोडका ड्रमसेट आणावा. तो विद्यार्थ्यांनीच दुरुस्त करावा. नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याच्या शिक्षणाला श्रेयांक आहेत. मग या कामाला का नसावेत? आणि मार्गदर्शक म्हणून बाहेरून कोणा तज्ज्ञाला बोलावण्याआधी गावातला हलगी मढविणारा आणि बँडमास्तर यांना बोलवावे. त्यांना खुर्ची द्यावी, मानधन द्यावे आणि फळ्यासमोर उभे करावे. आमचे प्राध्यापक त्या दिवशी बाकावर बसले तर त्यांचा मान कमी होणार नाही, याची मला खात्री आहे.

सगळ्याच जुन्या गोष्टी दुरुस्त करून ठेवण्याच्या लायकीच्या नसतात. काही रूढी, काही पंगती कायमच्या मोडलेल्याच बऱ्या. पण काय टाकायचे आणि काय दुरुस्त करायचे हे ओळखण्यासाठी आधी वस्तू उघडून आत उजेड लावून पाहावी लागते. शिक्षणाचे काम याहून वेगळे काय आहे?

— एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष