पहिला हात कुणाचा?

मैत्रिणींनो, भीती कशानं जाते? शाळेत आपल्याला सांगितलं होतं, ज्ञानानं. अंधारात दोरी साप वाटते, दिवा लावला की कळतं दोरीच आहे. पण काही भीती अशा असतात की लख्ख उजेड पडला तरी जात नाहीत. कुष्ठरोगाची भीती त्यातलीच. आपल्या आज्या महारोग म्हणायच्या, कुणी रक्तपिती म्हणायचं, आणि बोलताना आवाज खाली यायचा. तो आजही खालीच येतो.

माझ्या ओळखीच्या, साताऱ्याकडच्या एका बाईंनी हातावरचा चट्टा तीन वर्षं लांब बाह्यांच्या ब्लाऊजखाली झाकला. नवऱ्यालाही कळू दिलं नाही. चट्टा दुखत नव्हता, खाजत नव्हता. ‘दुखत नाही तर दाखवायचं कशाला?’ असं त्या म्हणायच्या. खरं कारण वेगळंच होतं, घरात लग्नाची मुलगी होती. शेवटी गावच्या आशाताई त्यांना धरून घेऊन गेल्या, तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकायला लागलं होतं. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचा ‘कुष्ठरोग बरा होतो’ हा फलक त्यांनी वाचला नव्हता असं नाही. लसीकरणाला नातवंडं घेऊन जाताना दरवेळी वाचला होता.

म्हणजे नुसती माहिती पुरत नाही. इतिहासही हेच सांगतो. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉ. हॅन्सननी १८७३ साली शोधला. रोग पापामुळे नाही, शापामुळे नाही, जंतूमुळे होतो हे कळलं. मग भीती कमी व्हायला हवी होती ना? झालं उलटंच. जंतू आहे म्हटल्यावर लोक जास्तच दूर पळू लागले. हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगानं १८८९ साली गेले, ती बातमी जगभर पोचली आणि धसका वाढला. हिंदुस्थानात १८९०-९१ मध्ये आयोग फिरला. हा रोग सहजासहजी लागत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तरी १८९८ साली रुग्णांना डांबून ठेवता येईल असा कायदा झालाच! तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं.

डेमियन गेले त्याच १८८९ साली डॉ. विल्यम वानलेस नावाचा तरुण मिशनरी डॉक्टर आपल्या भागात आला. आधी सांगलीत छोटा दवाखाना, मग मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय. आपण सगळे त्याला ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणतो. पुढे मिरजेतच कुष्ठरुग्णांसाठी वेगळं रुग्णालय उभं राहिलं. क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मध्ये आरोग्यधाम झालं, ती जागा म्हणजे आजची वानलेसवाडी. तिकडे साताऱ्यात, वाईला दुसऱ्या मिशनचं रुग्णालय होतं. मी मिरजेत राहते, या इमारतींवरून रोज जाते-येते, आणि मला नेहमी एक प्रश्न पडतो. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचं औषध नव्हतं. चालमोगऱ्याच्या तेलाची इंजेक्शनं द्यायचे, ती दुखायची फार आणि गुण यायचा थोडा. मग त्या जखमा धुणाऱ्यांना धीर कुठून आला?

त्यांच्या श्रद्धेतून आला, असं मला वाटतं. मार्कच्या शुभवर्तमानात गोष्ट आहे. एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. नुसत्या शब्दानं त्याला बरं करता आलं असतं. पण येशू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. ज्याला कुणी शिवत नाही त्याला शिवायचं, हे त्या माणसांसाठी देवाचं काम होतं. मिशनऱ्यांच्या हेतूंबद्दल वाद झाले, आजही होतात. आणि श्रद्धा एकटी पुरते असंही नाही. त्याच ख्रिस्ती युरोपात कुष्ठरुग्णांना शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं जात होतं. पण इथे श्रद्धेनं पहिला हात पुढे केला, आणि मग अनुभव शिकवू लागला. वर्षानुवर्षं मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना हा रोग क्वचितच होतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. फलकानं जे झालं नसतं, ते या पाहण्यानं झालं.

अशा माणसांनाही भीती वाटायचीच बरं का! वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया करायचे. लंडनमध्ये एका रात्री त्यांना टाचेला संवेदना नाही असं वाटलं. सुई टोचली, कळलंच नाही. या रोगाबद्दल जगात मोजक्या लोकांना असेल इतकं ज्ञान त्यांच्याकडे होतं, पण रात्रभर झोप आली नाही. सकाळी पुन्हा टोचली, कळ आली आणि त्यांनी त्या वेदनेबद्दल देवाचे आभार मानले! आपले बाबा आमटेही तुळशीराम या रुग्णाला पाहून आधी पळालेच होते. मग परत फिरले. परत फिरण्याचं बळ कुणाला येशूकडून मिळेल, कुणाला विठ्ठलाकडून, कुणाला माणुसकीतून.

आता आपल्याकडे त्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे. फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला स्पर्श, गरम-गार कळत नाही, तो लगेच दाखवायचा. हातापायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तरीही. (पांढरं कोड वेगळं. त्याला संवेदना असते आणि ते कुणाला लागत नाही.) रोग आनुवंशिक नाही. बहुतेकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद जन्मतःच असते. १९८१ पासून जगभर वापरात असलेला बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचा. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण्याची शक्यता जवळजवळ संपते. उशीर केला तर मात्र रोग बरा होतो, वाकलेली बोटं आपोआप सरळ होत नाहीत. आणि हेही माहीत असू द्या, कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ साली कायद्यातून काढून टाकलंय. या कारणानं तुम्हाला कुणी घराबाहेर काढू शकत नाही.

त्या बाईंनी गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, त्या बऱ्या झाल्या. पण त्यांच्या बोलण्यात गोळ्या येत नाहीत, धाकटी जाऊ येते. निदान झालं त्या संध्याकाळी तिनं एकाच ताटात दोघींसाठी भाकरी वाढली आणि ती शेजारी बसली. तिनं कुठलं शुभवर्तमान वाचलेलं नव्हतं. आशाताई काय सांगून गेल्या ते मात्र तिनं नीट ऐकलं होतं.

गोळ्या सरकार देईल, मैत्रिणींनो. पण कपबशी वेगळी ठेवायची की नाही, हे आपल्याच स्वयंपाकघरात ठरतं.