हरिणाची हांक

गेल्या पौषांत माझा पुतण्या अमेरिकेंतील टेक्सस राज्यांतून चार आठवड्यांच्या रजेवर घरीं आला होता. मुलांसाठीं आणलेल्या जिनसांत वीतभर लांबीची एक काळी नळी निघाली. बाजाच्या पेटींत असते तशी एक पातळ पत्ती तिच्या आंत बसविलेली होती. दिवेलागणीच्या सुमारास धाकट्यानें ती फुंकली, तेव्हां तिच्यांतून घोगरा, तुटक, नाकांतून निघाल्यासारखा हुंकार बाहेर पडला. आई देवापुढच्या निरांजनाची वात सारीत होती, ती म्हणाली, "कोणाची म्हैस शिरली रे अंगणांत?" सारें घर हंसलें. मग पुतण्यानें खुलासा केला कीं, ही तिकडील शिकाऱ्यांची नळी. नर हरिणाचा आवाज काढून दुसऱ्या नराला बंदुकीच्या टप्प्यांत बोलाविण्याकरितां तिचा उपयोग होतो. आईचें हंसूं मावळलें. "म्हणजे त्याच्याच माणसाच्या आवाजानें त्याला फसवावयाचें!" एवढेंच बोलून ती आंत गेली.

हरिणाविषयीं बोलतांना 'माणूस' हा शब्द तिच्या तोंडून कां निघाला, हें आम्हां घरांतल्या मोठ्यांना समजलें. त्याची हकीकत पुढें येईलच. प्रथम त्या नळीविषयीं पुतण्याकडून जें ऐकलें व त्यानंतर मीं जें वाचलें, तें वाचकांस सांगतों.

आवाजानें हरिण फसतें ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें यदुराजाला आपले चोवीस गुरु सांगितले, त्यांत हरिणहि आहे. व्याधाच्या गायनाला भुलून तें पाशांत सांपडतें, म्हणून यतीनें विषयी गाणें ऐकूं नये, हा त्यापासून घेतलेला बोध. एकनाथांनीं या स्कंधावरील आपली टीका 1573 सालीं काशीस पूर्ण केली, आणि तिच्यामुळें हा प्रसंग मराठी घराघरांत पोंचला. कानाच्या लोभापायीं प्राण गमावणारें भोळें जनावर, अशीच हरिणाची ओळख आपल्या मनांत ठसली आहे. परंतु पुतण्याच्या त्या नळींत गाणें नव्हतें, कीं माधुर्यहि नव्हतें. तिकडील शिकारी हरिणाला गाणें ऐकवीत नाहीं. तो हरिणाची भाषा बोलतो. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

ज्या हरिणाकरितां ही नळी केली आहे, तें उत्तर अमेरिकेंतील पांढऱ्या शेपटीचें हरिण. भिऊन पळतांना तें शेपूट उभारतें, आणि तिची पांढरी खालची बाजू निशाणासारखी दिसते. त्यावरून हें नांव. आपल्या काळविटाच्या व या हरिणाच्या शिंगांत मूळचाच भेद आहे. काळविटाचें शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेलें टणक कवच. त्याला फांटे फुटत नाहींत व तें जन्मभर टिकतें. या हरिणाचें, तसेंच आपल्या चितळाचें व सांबराचें शिंग हें भरीव हाड असतें. त्याला फांटे फुटतात, तें गळून पडतें व पुन्हां नवें उगवतें. पांढऱ्या शेपटीच्या हरिणांत शिंगें नरालाच येतात. वसंतांत तीं उगवूं लागतात, व उन्हाळाभर त्यांवर मखमलीसारख्या लवेची, रक्तवाहिन्यांनीं भरलेली कातडी असते. पुढें दिवस लहान होऊं लागले म्हणजे नराच्या शरीरांतील अंतःस्राव पालटतात. कातडी सुकते, आणि तो झाडाझुडपांवर शिंगें घासून ती उतरवून टाकतो.

टेक्ससमध्यें नोव्हेंबर-डिसेंबरांत यांच्या माजाचा हंगाम येतो. उन्हाळ्यांत एकत्र चरणारे नर आतां एकमेकांस वाटेंत खपवून घेत नाहींत. तरी बहुतेक तंटे कान मागें टाकून, अंगावरचे केस उभारून व नुसतें रोखून पाहूनच मिटतात. दोघे तुल्यबळ असले तरच शिंगांस शिंगें भिडतात. क्वचित् तीं अशीं अडकतात कीं सुटतच नाहींत, आणि जिंकणारा व हरणारा दोघेहि तेथेंच मरून पडतात.

अशा झुंजीचा आवाज ऐकला म्हणजे आसपासचे इतर नर तिकडे धांव घेतात. शिकाऱ्यानें नेमकें हेंच हेरलें. गळून पडलेल्या शिंगांची जोडी घेऊन तो झुडपाआड बसतो. तीं एकमेकांवर आपटतो, पिळवटून घासतो, मध्येंच फांद्या मोडतो व पायानें पाचोळा तुडवितो. 1990 नंतरच्या दशकांत दक्षिण टेक्ससमधील वेल्डर अभयारण्यांत संशोधकांनीं या युक्तीची पद्धतशीर परीक्षा घेतली. एकानें जमिनीवर बसून शिंगें वाजवावीं व दुसऱ्यानें उंच मनोऱ्यावरून पाहावें, अशी योजना होती. 171 वेळां शिंगें वाजविलीं, त्यांना 111 नर आले. हळू वाजविलेल्या शिंगांपेक्षां जोरानें वाजविलेल्या शिंगांना पुष्कळच अधिक नरांनीं साद दिली, आणि ऐन माजाच्या दिवसांत ही संख्या सर्वांत मोठी होती. परंतु मला विशेष वाटलें तें निराळेंच. आलेल्या नरांपैकीं कित्येक मनोऱ्यावरच्या माणसाला दिसले, पण खालच्याला दिसलेच नाहींत! कारण पुष्कळसे नर आवाजाच्या रोखानें सरळ येत नाहींत. ते वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगास जातात, तेथून वास घेतात, आणि वास जर आवाजाशीं जुळला नाहीं तर तसेच परत फिरतात. कानानें ऐकलें तें नाकानें पडताळून पाहावयाचें, ही त्यांची रीत. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

शिंगांच्या जोडीला कंठाचे आवाज असतात. मादीच्या मागें चालतांना नर तुटक हुंकार देतो. त्याचीच नक्कल आमच्या धाकट्यानें फुंकलेल्या नळींत होती. मादीची आर्त साद निराळी, आणि प्रतिस्पर्ध्याला दटावण्याचा नाकाचा फुत्कार निराळा. ही विद्या गोऱ्या लोकांनीं काढलेली नव्हे. उत्तरेकडील मूळचे रहिवासी भूर्जाच्या सालीचा कर्णा करून त्यांतून मूझ नांवाच्या प्रचंड सांबराच्या मादीची हांक काढीत व नराला पाण्याच्या कांठीं आणीत. युरोपांत तांबड्या हरिणाची गर्जना बैलाच्या शिंगांतून किंवा मोठ्या शंखांतून काढतात, आणि जर्मनींत तर तिच्या स्पर्धाहि भरतात. याच तांबड्या हरिणांचा स्कॉटलंडजवळील रम बेटावर अभ्यास होऊन 1979 सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत असें दाखविलें आहे कीं, नर किती वेळां गर्जना करूं शकतो यावरून त्याच्या झुंजण्याच्या ताकदीचा खरा अंदाज येतो. दुबळ्याला हें सोंग फार वेळ टिकवितां येत नाहीं. म्हणून ऐकणाराहि त्या गर्जनेवर विश्वास ठेवतो. हरिणांच्या राज्यांत आवाज बहुधा खरा असतो, आणि तसा तो असतो म्हणूनच शिकाऱ्याचा खोटा आवाज चालतो.

पुतण्या स्वतः बंदूक धरीत नाहीं. त्याच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्याबरोबर तो एकदां पाहावयास म्हणून गेला होता. पहाटेच्या थंडींत दोघे एका ओकच्या बुंध्याशीं बसले. गुरुजींनीं शिंगें खडखडविलीं, थांबले, नळी फुंकली, पुन्हां थांबले. कांहीं वेळानें मागच्या बाजूस काटकी मोडली. मान खालीं घातलेला व पाठीवरचे केस उभारलेला एक नर वीस-पंचवीस पावलांवर आला होता. गुरुजींनीं बंदूक उचलली नाहीं. तेथील कित्येक तालुक्यांत असा नियम आहे कीं, फांटे फुटलेल्या शिंगांच्या नराची आंतली रुंदी 13 इंचांहून कमी असेल तर त्याला मारूं नये. म्हणजे तरुण नर वाढीस लागतात. कान टवकारलेल्या नराच्या दोन्ही कानांच्या टोकांतील अंतर साधारण तेवढेंच असतें. शिंगें कानांच्या बाहेर गेलीं तर तो नर मारण्याजोगा. याचीं शिंगें कानांच्या आंतच होतीं. इतक्यांत वारा फिरला, नराला माणसाचा वास आला, आणि पांढरें निशाण उभारून तो नाहींसा झाला. "काका, तो वांचला याचा मला आनंद झाला," पुतण्या म्हणाला, "पण आपण त्याला खोटें बोलावलें, ही चुटपूट मात्र राहिली."

अहिंसेच्या संस्कारांत वाढलेल्या आपल्या घरांना या साऱ्याची किळस येणें साहजिक आहे. तरी दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत बाजारांत मांस व कातडीं विकण्यासाठीं तेथें इतकी हत्या झाली कीं, 1900 च्या सुमारास हीं हरिणें देशभर मिळून कांहीं लाखच उरलीं होतीं. त्याच सालीं बेकायदा मारलेल्या शिकारीच्या आंतरराज्य व्यापारास मनाई करणारा कायदा झाला. 1937 सालीं बंदुका व काडतुसें यांवरील कर वन्यजीवांच्या रक्षणाकडे लावण्यांत आला. आज त्यांची संख्या सुमारें तीन कोटी मानतात. लांडग्यांचा मात्र बहुतेक भागांतून नायनाट झाल्यामुळें कित्येक ठिकाणीं हरिणें इतकीं वाढलीं आहेत कीं, रानांतील कोंवळीं रोपें टिकत नाहींत. तेव्हां तेथें परवाना, हंगाम व संख्या ठरवून शिकार चालते, आणि तिचा पैसा रानाच्याच उपयोगीं पडतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाट निराळी निवडली. परिस्थिति निराळी, म्हणून नियमहि निराळे.

इथवर माझें मन तटस्थ राहिलें होतें. परंतु शिकाऱ्यांच्या नळ्यांत आणखी एक प्रकार आहे, आणि तेथें तें तटस्थ राहिलें नाहीं. तो आवाज संकटांत सांपडलेल्या पाडसाचा. तो ऐकतांच हरिणी आडोसा सोडून धांवत येते. 2014 सालीं कॅनडांतील एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेथील माळरानावर संशोधकांनीं ध्वनिवर्धक ठेवून निरनिराळ्या प्राण्यांच्या पिलांचा आक्रोश हरिणींना ऐकविला. समुद्रांतील सीलचें पिलूं, मांजराचें पिलूं, वटवाघळाचें पिलूं आणि माणसाचें तान्हें मूल, या सर्वांच्या रडण्याची पट्टी पाडसाच्या पट्टीशीं जुळती असली कीं हरिणी ध्वनिवर्धकाकडे येत. जें बाळ त्यांनीं जन्मांत पाहिलें नाहीं, त्याच्या रडण्यालाहि त्या धांवल्या.

आतां आईविषयीं सांगितलें पाहिजे. गेल्या वर्षीं भाद्रपदांत एका दुपारीं तिला फोन आला. आवाज याच पुतण्याचा, रडवेला. "आजी, माझ्या हातून अपघात झाला आहे, पोलिसांनीं धरलें आहे, बाबांना सांगूं नकोस, पैसे पाठव." तिनें मोबाइलवरून होते तेवढे चाळीस हजार रुपये पाठविले, आणि संध्याकाळपर्यंत देवापुढें बसून राहिली. रात्रीं खरें कळलें. नातवाचा आवाज यंत्रानें हुबेहूब बनविलेला होता. नातू आपल्या घरीं सुखरूप झोंपलेला होता. त्या वेळीं आम्हीं तिला काय बोलावें? "इतकी शिकली-सवरलेली तूं, आणि अशी कशी फसलीस!" मीहि बोललों. तेव्हांपासून तिनें फोन उचलणें सोडलें होतें. वाजला तर ती दुसऱ्या खोलींत निघून जाई.

कॅनडांतील हरिणींची हकीकत मीं तिला वाचून दाखविली तेव्हां ती तांदूळ निवडीत होती. सारें ऐकून तिनें विचारलें, "त्या हरिणींना कोणी खुळ्या म्हटलें का रे?"

"नाहीं," मी म्हणालों. "आणि आम्हीं तुला म्हटलें, तें चुकलें."

ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तो नर वळसा घालून वास घेतो म्हणतोस ना? तसें मला काय करतां येईल तेवढें सांग. नातवंडानें हांक मारली तर मी धांवणारच. तें कांहीं सुटावयाचें नाहीं."

त्या रात्रीं पुतण्यासह आम्ही सारे बसलों व दोन गोष्टी ठरविल्या. संकटाचा फोन कोणाचाहि येवो, तो आधीं खालीं ठेवावयाचा आणि वहींतल्या नंबरावर आपण स्वतः उलट फोन करावयाचा. दुसरी, घरांतल्यांनाच ठाऊक असलेला एक शब्द विचारावयाचा. तो शब्द आईनेंच निवडला. अर्थातच तो मी येथें देत नाहीं. ज्या घरांत एकटीं राहणारीं वृद्ध माणसें आहेत व मुलें दूरदेशीं आहेत, त्यांनीं असा एखादा शब्द आजच ठरवून ठेवावा, अशी माझी विनंती आहे. आणि कोणी आधींच फसलें असेल, तर त्याला बोलण्यापूर्वीं ती हांक कोणाच्या आवाजांत आली होती याचा विचार करावा.

नळी सध्यां कपाटांत वरच्या फळीवर आहे. परवां दुपारीं फोन वाजला, तो आईनें उचलला. पलीकडे कोणी विमा विकणारा होता. तिनें त्याचें सारें बोलणें शांतपणें ऐकून घेतलें, आणि नंतर भर दुपारीं म्हाताऱ्या माणसांची झोंप मोडल्याबद्दल त्याला चांगलेंच खडसावलें.