घरी कोण आहे?

सुट्टीत नातू मनीषनगरला आला की आमच्या घरात दोन राज्ये नांदू लागतात. एक स्वयंपाकघरातले, तिथे त्याच्या आजीची सत्ता. दुसरे माझ्या लिहिण्याच्या टेबलावरचे. तिथे संगणकासमोर हा बारा वर्षांचा सम्राट बसतो आणि मला कागदपत्रे गोळा करून जेवणाच्या टेबलावर निर्वासित व्हावे लागते. खेळाचे नाव सिव्हिलायझेशन. १९९१ साली सिड मायर या गृहस्थांनी तो प्रथम आणला आणि त्यानंतर त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. आधी एक वस्ती, मग शहर, मग दुसरे शहर, मग अर्थातच शेजाऱ्याशी भांडण. खेळायचा मात्र बुद्धिबळासारखा, आळीपाळीने. तुमची चाल पूर्ण होईपर्यंत सारे जग थांबून राहते. धावपळीचे खेळ माझ्या डोळ्यांना झेपत नाहीत, पण हा मी चहा पीत पीत पाहू शकतो.

परवा सम्राटांनी सगळी फौज पूर्वेच्या शेजाऱ्यावर घातली. दोन शहरे घेतली. तिसऱ्याच्या वेशीवर तोफा नेऊन ठेवल्या. तेवढ्यात पश्चिमेच्या राजाने, ज्याच्याशी इतके दिवस गोडीगुलाबी चालली होती, युद्ध पुकारले आणि चार-पाच चालींत सम्राटांची राजधानी गेली.

“घरी कोण होतं?” मी विचारले.

“कोणीच नाही. घरी बसवलेला शिपाई फुकट खातो, आबा. प्रत्येक चालीला त्याचा खर्च लागतो. काहून ठेवायचा?”

माझी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे हे वाक्य मला नवे नव्हते. १९९०च्या सुमारास शंभर रुपयांची ठेव आली की त्यातले १५ रुपये रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचे आणि साडेअडतीस रुपये सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित जागी गुंतवायचे, असा दंडक होता. म्हणजे निम्म्याहून अधिक फौज पहाऱ्यावर, आणि उरलेल्या साडेसेहेचाळीस रुपयांत कर्जवाटपाची मोहीम! समोर चांगला कारखानदार बसलेला असायचा आणि आम्ही हात चोळत असू. हे प्रमाण फार आहे, असे १९९१ मध्ये नरसिंहम समितीनेही सांगितले. (त्यातला बराचसा पहारा ठेवीदारांसाठी नव्हता, तो सरकारच्या तुटीसाठी होता, हे आता बोलायला हरकत नाही.) पुढे ते हळूहळू उतरत गेले. २०२५च्या अखेरीस रोख राखीव ३ टक्के आणि रोखे १८ टक्के, इथवर आले.

पण त्या खुर्चीत बसून एक गोष्ट कळली. बँक अडचणीत येते तेव्हा दर वेळी पैसा बुडालेलाच असतो असे नाही. पैसा असतो, पण तो कुणाच्या कारखान्यात असतो, कुणाच्या विहिरीत, कुणाच्या घराच्या भिंतीत. ठेवीदार खिडकीशी आज उभा असतो आणि विहीर तीन वर्षांनी परतफेड करणार असते. फौज आहे, पण घरापासून किती चालींवर आहे? माझ्या मते सगळा प्रश्न एवढाच आहे. पहारा शिपायांच्या संख्येने मोजायचा नसतो. शत्रूला माझ्या दारात यायला किती चाली लागतील आणि माझ्या माणसांना परत यायला किती, या दोन आकड्यांतले अंतर भरून निघेल एवढा पहारा पुरतो. त्याहून जास्त ठेवला तर नातू म्हणतो तसा तो फुकट खातो.

सध्या नागपुरात बुद्धिबळाचा विषय काढला की चहाला तोटा नाही. २०१९ मध्ये रौनक साधवानी ग्रँडमास्टर झाला, २०२१ मध्ये संकल्प गुप्ता. मग जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला आपल्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक आणला आणि ती ग्रँडमास्टरही झाली. अंतिम फेरीतले पहिले दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत. चौथा डाव तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. आमच्या सोसायटीत त्या संध्याकाळी पेढे वाटणाऱ्यांना चौथा डाव ठाऊक होता. मला आधीचे तीन अधिक मोलाचे वाटतात. समोर हंपीसारखी खेळाडू आणि तीन डावांत घर पडू द्यायचे नाही!

बुद्धिबळात घर सांभाळण्याची एक खास चाल आहे, तिला मराठीत किल्लेकोट म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत ती नव्हती. शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारून सुरक्षित जागी जाता येई. आजच्या पद्धतीत राजा बाजूला सरकतो आणि त्याच चालीत कोपऱ्यात अडकलेला हत्ती मधल्या पट्टीकडे येतो. एका चालीत घरही बंद आणि फौजही मोकळी. शिकाऊ पोरे वजीर घेऊन सुटतात आणि ही चाल उद्यावर टाकतात. उलट, दोन्ही राजे पटाच्या विरुद्ध बाजूंना किल्लेकोट करून बसले की प्याद्यांची शर्यत लागते. तिथे घाबरून घरात घातलेली एक जादा चालसुद्धा डाव घालवते. म्हणून ‘आधी घर’ किंवा ‘आधी हल्ला’ असा सरसकट नियम सांगणाऱ्याचे मी ऐकत नाही. मोजावेच लागते.

ही मोजणी आमच्या नागपूरकरांनी पटाबाहेरही केलेली आहे, आणि ती मात्र महागात पडली.

१७६३ साल. पानिपतला दोनच वर्षे झाली होती. माधवराव पेशवे अठरा वर्षांचे, सूत्रे राघोबादादांकडे. हैदराबादचा निजाम अली आणि नागपूरचे जानोजी भोसले एक झाले. समोरासमोरची लढाई टाळून पेशव्यांनी शत्रूच्याच मुलखात घुसायचे ठरवले. औरंगाबादेकडे, मग वऱ्हाडात, मग हैदराबादच्या बाजूला. निजाम काही काळ मागे धावला. मग त्याने पाठलाग सोडला आणि तो सरळ पुण्यावर चालून गेला. लोक जमेल ते घेऊन सिंहगडासारख्या किल्ल्यांच्या आश्रयाला पळाले. शहर लुटले गेले. ज्या घरांची खंडणी मिळाली नाही ती पाडली, जाळली.

पुढचे आपण शाळेत शिकलो. निजाम परत फिरला तेव्हा पावसाळा होता, गोदावरी भरलेली. राक्षसभुवनला त्याची फौज नदीच्या दोन काठांवर विभागलेली असताना १० ऑगस्टला पेशव्यांनी तिला गाठले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. जानोजी मुलखाचे आश्वासन घेऊन आधीच बाजूला झाले होते. पटाच्या भाषेत सांगायचे तर पेशव्यांनी घर दिले आणि डाव घेतला.

सहा वर्षांनी चाल उलटली. १७६९च्या सुरुवातीला माधवराव स्वतः जानोजींवर चालून आले, नागपूर लुटले आणि चांद्याच्या किल्ल्याला वेढा घातला. आता जानोजींनी काय करावे? नागपूर वाचवायला ते आले नाहीत, चांद्यालाही धावले नाहीत. पेशव्यांना चुकवून ते पुण्याच्या रोखाने निघाले. मागची आठवण ताजी असलेले पुणेकर सामानसुमान हलवू लागले आणि माधवरावांना चांद्याचा वेढा उठवावा लागला. २३ मार्च १७६९ला कनकापूरचा तह झाला. अटी जानोजींना जडच गेल्या, पण चांदा वाचला. किल्लेकोटासारखीच ही एका चालीत दोन कामे करणारी चाल, आणि नागपूरकर म्हणून मला तिचे कौतुक वाटायला हवे.

वाटतेही. पण पूर्ण वाटत नाही. बचावाचा उत्तम उपाय म्हणजे हल्ला, हे सुभाषित आपण उठता बसता ऐकवतो. ते म्हणणाऱ्याच्या मांडीखाली घोडा असतो. १७६३ चे पुणे आणि १७६९ चे नागपूर, दोन्ही शहरांची चाल कधी आलीच नाही. पेशवे हलले, निजाम हलला, भोसले हलले. बुधवारातला कुणी कासार, महालातला कुणी कोष्टी हा फक्त चौकोन होता, सोडायचा की राखायचा एवढाच. पहाऱ्याचा खर्च फुकट वाटतो तो मोहिमेवरून पाहिल्यावर. घरात बसून पाहिले तर हिशेब वेगळा निघतो. आणि कुठल्या बाजूने पाहून हिशेब करायचा, हे सेनापतीवर सोडलेले मला पटत नाही. बँकेतही राखीव किती ठेवायचे हे कर्ज वाटणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर नसते, ते बरे आहे. मी स्वतः तो अधिकारी होतो म्हणून सांगतो.

हे सगळे मी नातवाला सांगितले, अर्थात सुटसुटीत करून. त्याने एकच विचारले, “पण शेवटी पेशवे जिंकले ना?”

“जिंकले.”

“मग?”

मी त्याला परवाचा डाव पुन्हा उघडायला लावला. राजधानी गेली त्या चालीवर थांबवले. शहराच्या नावाखाली लोकसंख्येचा आकडा असतो. तो आठ होता, शहर गेल्यावर सात झाला. “हा एक कुठे गेला?” मी विचारले. त्याने खांदे उडवले, पण आकड्याकडे जरा वेळ पाहत राहिला.

मग त्याने नवा डाव मांडला. या वेळी पूर्वेकडे निघण्याआधी पडद्यावर बोट ठेवून घरे मोजली. “पश्चिमेकडून इथवर यायला त्याला सहा चाली. आपली फौज परतायला नऊ.” तीन चाली कमी पडत होत्या. बराच वेळ कुरकुर करून त्याने राजधानीला तट बांधला, दोन धनुर्धारी ठेवले आणि उरलेल्या लहानशा फौजेनिशी तो निघाला.

आजीने जेवायला हाक मारली तेव्हा पूर्वेचे एकच शहर हाती आले होते आणि सम्राट थोडे रुसलेले होते. पश्चिमेचा राजा अजून आला नव्हता. धनुर्धारी तटावर बसून होते आणि त्यांचा खर्च चालू होता.