एका मुलाची शाळा

जानेवारी २०२३ मध्ये वाशिम जिल्ह्यातील गणेशपूर हे नाव एकाएकी देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. सुमारे दीडशे वस्तीच्या त्या गावी जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा एकाच विद्यार्थ्यासाठी चालू होती व एकच शिक्षक बाहेरगावाहून येऊन त्यास सर्व विषय शिकवीत होते. वाचकांनी त्या शिक्षकाचे कौतुक केले, ते उचितच झाले. परंतु कौतुकाने प्रश्न मिटत नाही. बाकीच्या बाकांवरील मुले कोठे गेली, हा खरा प्रश्न आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले. राज्यात अशा शाळा चौदा हजारांवर आणि त्यांतील मुले सुमारे १ लाख ८५ हजार. सवंगड्यांवाचून मुलाची वाढ खुंटते, हा शासनाचा युक्तिवाद टाकाऊ नाही. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांत प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटरचे अंतर धरले आहे आणि जेथे शाळा नाही तेथे मोफत वाहनाची सोय सांगितली आहे. मानोरा-मंगरुळपीरकडील तांड्यांवरच्या सहा वर्षांच्या मुलीस पावसाळ्यात दुसऱ्या गावी कोण नेणार? गाडी येण्यापूर्वी शाळा बंद झाली, तर त्या मुलीचे शिक्षणच बंद झाले असे समजावे.

पालकांस दोष देणे सोपे आहे. 'असर' पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात सहा ते चौदा वयाची सरकारी शाळांतील मुले २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती. महामारीनंतर २०२२ मध्ये ती ७२.९ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आली. अडचणीच्या काळात आलेली मुले शाळेला टिकवून धरता आली नाहीत, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. पट घटला की शिक्षक घटतो, एकाच गुरुजींस चार इयत्ता सांभाळाव्या लागतात, शिकविणे पातळ होते आणि पट आणखी घटतो. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असे कायदा म्हणतो. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये लहान शाळांतील एक पद कंत्राटी शिक्षकाकडून भरण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो मागे घ्यावा लागला. अशा धरसोडीने विश्वास वाढत नाही.

आमची सूचना साधी आहे. कोणत्याही शाळेस कुलूप लावण्यापूर्वी त्या गावातील प्रत्येक मुलाचा ठावठिकाणा जिल्हा परिषदेने ग्रामसभेपुढे मांडावा. मुले शहरच्या खाजगी शाळेत गेली असतील, तर आधी दोन कायम शिक्षक देऊन शाळा सुधारावी. आईबापांबरोबर ऊसतोडीस गेली असतील, तर त्यांच्या राहण्याची व्यवस्था गावीच करावी. मुलेच उरली नसतील तेथे शाळा अवश्य एकत्र कराव्या. मात्र वाहन दारी आल्यानंतर.

वाशिमसारख्या ठिकाणी पांढरपेशा वर्गाने आपली मुले केव्हाच सरकारी शाळांतून काढून घेतली. त्या मुलांबरोबर शाळेस जाब विचारणारे पालकही गेले. मुले परत आणणे कदाचित या वर्गास जमणार नाही, पण जाब विचारणे त्यास आजही जमण्यासारखे आहे. पिवळ्या बसमध्ये आपले मूल बसविताना, मागे राहिलेल्या मुलाच्या गुरुजींचे पद रिक्त का, एवढे विचारण्याचे कर्तव्य त्याने टाळू नये.