चिठ्ठीवर औषध असते, भाव नसतो

गोंदियाच्या बाजारात तांदळाचा सौदा असो की बांगड्यांचा, भाव ठरल्याशिवाय कोणी मालाला हात लावीत नाही. शिवणयंत्र दुरुस्त करणारा कारागीरसुद्धा सुट्या भागाची किंमत आधी सांगतो, मगच यंत्र उघडतो. पण हाच माणूस दवाखान्याची पायरी चढला की त्याची जीभ अडखळते. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, तपासण्या सांगतात. खर्च किती येईल, हे ना हा विचारतो, ना ते सांगतात. आमचे म्हणणे असे की, पुष्कळदा ते सांगू शकतही नाहीत. कारण त्यांनाच तो ठाऊक नसतो.

हा आमचा नुसता तर्क नव्हे. निरनिराळ्या देशांत या विषयावर झालेल्या पाहण्या कॅनडातील संशोधकांनी २००७ साली एकत्र करून तपासल्या. डॉक्टरांनी सांगितलेली औषधाची किंमत खऱ्या किमतीच्या जवळपास आली, असे जेमतेम एक तृतीयांश वेळा घडले होते. स्वस्त औषध त्यांना महाग वाटत होते आणि महाग औषध स्वस्त! मग महाग औषध लिहिताना रुग्णाच्या खिशाची आठवण कशी राहणार?

डॉक्टरांची नियत खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. औषधाचे गुणदोष त्यांना वर्षानुवर्षे शिकविले जातात, भाव मात्र फारसे कोणी शिकवीत नाही. चिठ्ठी लिहिणारा एक, औषध विकणारा दुसरा आणि बिल मांडणारा तिसरा. नुकसान मात्र एकाचेच होते. नोकरदार आजारी पडला तरी त्याला रजेचा पगार मिळतो. विडी वळणारा, शिलाई करणारा किंवा हातगाडीवाला अंथरुणाला खिळला की कमाई त्याच दिवशी बंद. त्यातून नागपूरला न्यावे लागले तर आधी गल्ला रिकामा होतो, मग उधारी होते, शेवटी यंत्र विकले जाते. माणूस बरा होऊन घरी येतो, तेव्हा धंदा उरलेला नसतो.

किमतीत किती वाव असतो, याचा एक दाखला पुरे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधी स्टेंटची कमाल किंमत केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपये ठरविली. त्यापूर्वी त्यावरची छापील किंमत सरासरी एक लाख वीस हजारांच्या घरात होती. आपल्याच विदर्भात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने जेनेरिक औषधे ठोकात घेऊन रुग्णांना कमी भावात देण्याचा उपक्रम चालविला. मनात आणले तर रुग्णालयाला हे जमते.

कायदाही अगदीच मुका नाही. औषधाचे जेनेरिक नाव स्पष्ट अक्षरांत लिहावे, असे वैद्यक परिषदेने २०१६ साली डॉक्टरांना बजावले. खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागात लावावे, असा नियम महाराष्ट्र शासनाने २०२१ साली केला. पण गिऱ्हाईकच भाव विचारीत नसेल, तर फलक लावण्याची घाई कोणाला असणार?

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उद्याचे डॉक्टर तेथे घडत आहेत. रोजच्या औषधांचे व तपासण्यांचे भाव त्यांना शिकत असतानाच तोंडपाठ व्हावेत, वॉर्डाच्या टेबलावर भावांची यादी असावी, एवढी आमची मागणी आहे. यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही.

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनीही संकोच सोडावा. ‘डॉक्टरसाहेब, याला किती लागतील? याच गुणाचे स्वस्त औषध जनऔषधी केंद्रात मिळेल का? ही तपासणी आजच हवी का?’ हे तीन प्रश्न अदबीने विचारावेत. परस्पर औषध बदलू नये किंवा बंद करू नये. विचारावे मात्र जरूर. आपल्यात औषध दुकानदारही आहेत. स्वस्त पर्याय दुकानात असताना गिऱ्हाईकापासून तो लपविणे हे मापात मारण्यासारखेच आहे, हे त्यांनीही ध्यानात ठेवावे.

भाव विचारण्यात बेअदबी नाही. बाजारात रोज तेच करून आपण घर चालवितो. दवाखान्यातही तेच करावे, म्हणजे घर चालते राहील.