डोंगराचा खर्च बिलात मांडा!

२२ जुलै २०२१. महाड तालुक्यातल्या तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाणी कोसळलं, खाली महाड सावित्रीच्या पुरात बुडालं, पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळेवरही दरडी आल्या. त्याआधी जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांनी हेच भोगलं होतं.

एका दरडीचा दोष एका कारखान्यावर टाकता येत नाही. पण पाऊस बदलला आहे, हे खरं. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी दाखवलं. तापलेला अरबी समुद्र त्यांना बाष्प पुरवतो. समुद्र तापला तो जगाच्या धुरानं. त्यातला निदान पाचवा हिस्सा निघतो तो एका देशात बनून दुसऱ्या देशात वापरल्या जाणाऱ्या मालापायी. वापरणारा तिकडे, धूर मात्र बनवणाऱ्याच्या नावावर.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतली रसायनंही परदेशी जातात. त्यावर शेकडो घरांच्या चुली पेटतात. त्या विझाव्यात असं कुणीच म्हणत नाही. पण मालाच्या बिलात वाहतूक असते, विमा असतो. सावित्री नसते, डोंगर नसतो. १ जानेवारी २०२६पासून युरोपीय संघ आयात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत बनवताना निघालेल्या कार्बनचा दाम लावू लागला आहे. उद्या रसायनांची पाळी येऊ शकते. मग तो पैसा युरोपच्या तिजोरीत जाण्याआधी इथंच खर्च का होऊ नये? स्वच्छ बॉयलरवर, सांडपाणी शुद्धीकरणावर, उघड्या पडलेल्या उतारांवर?

गावकऱ्यांनो, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडा: वाडीच्या डोक्यावरच्या उतारावर ना झाडतोड, ना जेसीबी. देवराई आणि झरे गावाच्या जैवविविधता नोंदवहीत चढवा. कारखानदारांनो, सोडलेल्या पाण्याचे आकडे वसाहतीच्या फाटकावर मराठीत लावा आणि परदेशी खरेदीदाराकडे शुद्धीकरणाचा खर्च दरात मागा. चाकरमान्यांनो, गणपतीला याल तेव्हा आरतीनंतर तासभर बसा आणि ठरावाचं काय झालं, ते विचारा.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे सरकारी मसुदे २०१४पासून निघताहेत. डोंगर मसुद्याची वाट पाहत नाही; तो पहिल्या मोठ्या पावसाची पाहतो. आपला ठराव त्याआधी व्हायला हवा.