आपला तो उजेड...

हल्ली गाडी घेतली की पहिलं काम काय, तर हेडलाईट बदलणे! "काका, कंपनीचे दिवे अगदीच मिणमिणते हो. पांढरे एलईडी टाकले, आता दिवसासारखं दिसतं." आमच्या पुतण्यापासून कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचं हेच पालुपद. अरे बाबांनो, तुम्हाला दिवसासारखं दिसतं, पण समोरून येणाऱ्याचं काय?

मी काही विज्ञानाचा मास्तर नव्हे, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण कळण्यासारखी गोष्ट आहे ही. बऱ्याच गाड्यांत एच-४ नावाचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, म्हणून आरशावरून वर उडणारा झोत तयारच होत नाही. आरसा घडवलेला असतो त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी. तिथे भलताच एलईडी खुपसला की उजेड वाट्टेल तिकडे उधळतो. थोडा रस्त्यावर, उरलेला समोरच्याच्या डोळ्यांत! (कंपनीनेच एलईडीसाठी घडवलेल्या दिव्यांबद्दल माझी तक्रार नाही. तीही नीट खाली वळवलेले असतील तरच.)

आता साधं गणित करा. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळे तीन सेकंद दिपले, तर माणूस ५० मीटर आंधळा चालवतो. कुंभार्ली घाटात ५० मीटर म्हणजे एक अख्खं वळण. आणि आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांचे डोळे सावरायला तर आणखी वेळ लागतो.

"पण काका, सगळेच लावतात, आम्हीच का सोसायचं?" वर्गात सगळी मुलं एकमेकांपेक्षा मोठ्याने ओरडू लागली की कुणाचंच ऐकू येत नाही. तसंच हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट लिहिलंय की झोत कायम खाली वळलेला हवा, ८ मीटरवर दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना त्याने दिपवता कामा नये. पूर्वी हेडलाईटच्या वरच्या भागाला काळा रंग फासत, तो काय शोभेसाठी होता?

नीट दिसायला हवं हे मलाही मान्य आहे. मग आधी फुकटात किंवा थोडक्यात होणारं करा ना! पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या. पुढची काच आतूनही पुसा. जुने बल्ब मंदावतात, तेव्हा त्याच वॅटचे चांगले नवे घाला. जुनी गाडी असेल तर रिले टाकून जाड वायर ओढून घ्या, बल्बला पुरा दाब मिळतो. दिव्यांचा रोख भिंतीवर तपासून घ्या. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची चकती असेल तर डिकी भरल्यावर ती फिरवा. ती असते त्यासाठीच. एवढं करूनही दिसत नसेल तर वेग कमी करा!

पण नाही. दुकानदार म्हणतो "दुप्पट उजेड", आणि आपण पाकीट काढतो. गाडीच्या नाकासमोरचा रस्ता लख्ख झाला की डोळे त्याच उजेडाला सरावतात आणि लांबचा बैलगाडीवाला उलट कमीच दिसतो, हे कोण सांगणार?

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" ही म्हण आता उजेडालाही लागू झाली आहे. रात्री समोरून कुणी येताना दिसलं की निदान डिपर तरी द्या. त्या गाडीतही कुणाचे तरी काका बसलेले असतात.